गावाचं नाव वडोदरा, बँकेचं बडोदा

नमस्कार मंडळी.

परवा नातीचं बचत खातं उघडायला आम्ही बँकेत गेलो होतो. दारावरची पाटी वाचून ती म्हणाली, "आजी, बडोदा हे तर बँकेचं नाव आहे. मग तू आपल्या गावाला बडोदा का म्हणतेस?" सुनेला हसू आलं. मला काही आलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून आज ठरवलेला विषय बाजूला ठेवून मी त्याबद्दलच बोलणार आहे.

पोरीचं चुकलं कुठे? १९७४ पासून गाव कागदोपत्री वडोदरा आहे आणि आपल्या गुजराती शेजाऱ्यांच्या तोंडी ते आधीपासूनच तसं होतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बडोदा उरलंय ते विद्यापीठाच्या नावात, रणजीच्या संघात, रेल्वेच्या तिकिटावरच्या बीआरसी या तीन अक्षरांत, दांडिया बाजारातल्या आपल्यासारख्यांच्या मराठी घरांत. आणि सयाजीराव महाराजांनी १९०८ साली उभ्या केलेल्या त्या बँकेत. आज जगभर ज्याला बडोदा म्हणून काही माहीत असेल, त्याला बहुधा ती बँकच माहीत असते.

त्या रात्री आम्ही दोघी नकाशात बडोदे शोधत बसलो. मध्य प्रदेशात श्योपूर जिल्ह्यात एक सापडलं, हरियाणात सोनीपतकडे एक. अमेरिकेत मिशिगन राज्यात, मोठ्या तळ्यापासून जवळ, द्राक्षमळ्यांच्या मुलखात चिमुकलं बडोदा आहे. "तिथेपण मराठी बोलतात?" नातीनं विचारलं. दिल्लीत ल्युटेन्सनं बांधलेलं बडोदा हाऊस आहे. तिथे हल्ली उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे, त्यामुळे दिल्लीकर रेल्वेवाल्याला बडोदा म्हटलं की साहेबांची कचेरी आठवत असणार. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची १२४ क्रमांकाची तुकडी बडोदा स्क्वाड्रन म्हणून स्पिटफायर विमानं उडवत होती. हे ऐकून नात अंथरुणात उठूनच बसली.

आणि हिरा! गायकवाडांच्या खजिन्यातला पिवळा 'मून ऑफ बडोदा', जो १९५३ साली मॅरिलिन मन्रोच्या गळ्यात होता. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरतो तेव्हा लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस पडतो. मंडळी, रागावू नका, पण हिऱ्यांचं आपल्याला फार कौतुक आहे. बडोद्याचं नाव घेऊन याहून मोलाच्या दोन गोष्टी जगात गेल्या, त्यांचा निरोप ग्रुपवर आलेला मी कधी पाहिला नाही.

एक म्हणजे बडोद्याची ग्रंथालय चळवळ. १९१० साली महाराजांनी बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणला. स्वतःच्या संग्रहातली हजारो पुस्तकं देऊन मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, आणि जिथे वाचनालय नव्हतं त्या खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या धाडल्या. पेटी गावात ठेवायची, लोकांनी वाचायची, मग दुसरी यायची. त्या खात्याचं त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत होतं. काचेच्या फरशीचे मजले आणि लोखंडी मांडण्या असलेली ती इमारत आपल्या मांडवीजवळच उभी आहे. तिच्यावरून आपण रोज खरेदीला जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे बडोद्याची शिष्यवृत्ती. १९१३ साली तिच्या बळावर बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. हे आपण छाती फुगवून सांगतो. पुढचं सांगताना आवाज खाली येतो. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीचा करार पाळायला ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना कुणी राहायला जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. कामाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी वेळ काढला आणि मुंबईची गाडी धरली. महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती बडोद्याचीच, आणि बंद झालेली दारंही बडोद्याचीच. त्यांत आपल्या रावपुऱ्यातली, दांडिया बाजारातली दारं नव्हती असं म्हणायचं माझं धाडस नाही. नातीला मी दोन्ही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "ते झाड मला दाखवशील?" त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो.

नाव टिकेल की नाही याची मला तितकीशी धास्ती नाही. २०१९ मध्ये विजया आणि देना या दोन बँका विलीन झाल्या, त्यांची नावं गेली आणि बडोद्याचं राहिलं. उद्या हिशेब फिरला तर तेही जाईल, नाहीतर आणखी शंभर वर्षं राहील. ते आपल्या हातात नाही.

दर कोजागिरीला आपण जमतो, बासुंदी पितो, जुन्या बडोद्याच्या आठवणी काढतो आणि मुलं बाहेर मोबाईलवर खेळत बसतात. त्यांना आत बोलावलं कधी? माझी कार्यकारिणीला विनंती आहे: यंदाची मुलांची सहल रिसॉर्टला नको, मध्यवर्ती ग्रंथालयात न्या. मी बरोबर येईन, काचेवरून चालवीन, मराठीच्या कपाटापर्यंत नेईन. पण तिथलं पुस्तक हातात दिल्यावर आपल्या मुलांपैकी किती जणांना पहिलं पान वाचता येईल? माझ्या नातीला येत नाही. तिला शिकवायला मी बसले आहे. तुमच्या घरी कोण बसलंय, ते मला सांगा.