दोन पट्ट्या आणि सहा गोळ्या

(लोणंद. दुपार. स्वयंपाकघरात जेवणाची ताटं.)

आप्पांच्या ताटाशेजारी आई रोज पाण्याचा मोठा पेला ठेवते, आणि इमॅटिनिबची 400 मिलिग्रॅमची एक गोळी. आधी अन्न, मग गोळी. उपाशीपोटी घेतली की मळमळतं.

आप्पा इथल्या कांदा बाजारात मापाडी होते. पोतं काट्यावर चढायच्या आत वजन सांगायचे, आणि किलोभराच्या वर चुकायचे नाहीत. पाच वर्षांपूर्वी दोन घासांतच त्यांचं पोट भरायला लागलं. डाव्या कुशीत जड वाटायचं. पित्त म्हणून दोन महिने गोळ्या खाल्ल्या. शेवटी साधी रक्ततपासणी केली. पांढऱ्या पेशी फार तर अकरा हजार असाव्यात, त्या निघाल्या एक लाख ऐंशी हजार. कुशीतलं जड म्हणजे सुजलेली पानथरी होती.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक कर्करोग. या आजारात रक्त तयार करणाऱ्या पेशीत 9 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेले असतात. आखूड झालेलं ते 22 नंबरचं गुणसूत्र 1960 मध्ये फिलाडेल्फियातल्या संशोधकांना दिसलं, म्हणून त्याला त्या शहराचं नाव. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचं जनुक जुळतं, आणि पेशींची वाढ थांबायचं नावच घेत नाही. गोळी ही वाढ दाबून धरते. म्हणून ती रोज लागते.

अमेरिकेत ती 2001 मध्ये मंजूर झाली. मूळ कंपनीची गोळी भारतात महिन्याला लाखाच्या वर जायची. 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं त्या कंपनीला पेटंट नाकारलं आणि देशी कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात टिकली. आमच्यासारख्या घराला ती परवडते, ती त्यामुळे.

(एसटीच्या खिडकीतून दिसणारा रस्ता. मांडीवर फाईल.)

दर तीन महिन्यांनी पुण्याला जाऊन रक्त द्यायचं. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात आणि तेवढे दिवस आई माझ्या फोनकडेच बघत असते. त्यात एकच आकडा बघायचा: बीसीआर-एबीएल किती टक्के. डॉक्टरांनी फाईलच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं होतं, तीन महिन्यांत दहाच्या खाली, सहा महिन्यांत एकच्या, वर्षभरात 0.1 च्या. आप्पांचे आले 8, 0.7 आणि 0.08. रात्री पायाला गोळे यायचे, सकाळी डोळ्यांखाली सूज असायची, पण आकडा जागच्या जागी होता. आम्ही निवांत झालो.

तिसऱ्या वर्षी कार्तिकात रिपोर्ट आला, 0.6.

गोळीला न जुमानणारा बदल जनुकात झालाय का, ते तपासावं लागेल, औषधही बदलावं लागेल कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, त्याआधी घरी जाऊन गोळ्या मोजा.

आईला त्या देवघरात सापडल्या, उदबत्तीच्या डब्यात. दोन पट्ट्या अख्ख्या आणि तिसरीतल्या सहा.

आकडा चांगला आला म्हणून आप्पांनी विठोबाला चातुर्मास बोलला होता. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत प्रत्येक एकादशी आणि सोमवार निरंकार. डॉक्टरांसमोर त्यांनी बिनदिक्कत सांगितलं, “तुम्हीच म्हणालात ना, अन्नावर घ्या. उपासाला अन्न कुठलं?” चार महिन्यांत सव्वीस गोळ्या. माणसानं नियम मोडला नव्हता, हे मला अजूनही वाटतं. आईला वाटत नाही.

“खिचडीवर घ्या की,” डॉक्टर म्हणाले. “विठोबा काही म्हणायचा नाही.”

पुढचा आकडा आला 0.2. त्याच्या पुढचा 0.07.

(ताटात साबुदाण्याची खिचडी. आप्पांच्या तळहातावर गोळी.)

आज एकादशी. आप्पा गोळी तळहातावर घेऊन जरा हलवून बघतात.

“हे चारशे मिलिग्रॅम नाही,” ते म्हणतात. “जास्त भरतंय.”

खरंच जास्त भरतं. चारशे हे नुसत्या औषधाचं वजन. गोळी बांधायला लागणारी भर वेगळी.

“आधी गिळा,” आई म्हणते.