व्हॉल्व्ह बदलण्याआधी

हरिनाम सप्ताहात आणि गावच्या जत्रेत कर्ण्यांना आवाज पुरवणारे व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे, अँप्लिफायर मराठवाड्यात आता थोडेच उरले आहेत. लातूर, परभणी, नांदेडकडच्या एखाद्या जुन्या दुकानात असा संच दुरुस्तीला येतो, तेव्हा आणणाऱ्याने निदान आधीच केलेले असते: "व्हॉल्व्ह गेलाय, नवा टाकून द्या." हे निदान दरवेळी बरोबर असतेच असे नाही, आणि चुकले तर ते महागात पडते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून व्हॉल्व्ह तयार होऊ लागले होते. ते उत्पादन बंद होऊनही बराच काळ लोटला. आजचा नवा व्हॉल्व्ह बहुधा चीन, रशिया किंवा स्लोव्हाकियातून आलेला असतो. त्यामुळे चांगला व्हॉल्व्ह काढून टाकणे हे सरळसरळ नुकसान आहे.

व्हॉल्व्ह थकतो म्हणजे त्याच्या कॅथोडवरचा बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप पुरेसे इलेक्ट्रॉन सोडेनासा होतो. कॅथोड तापवणारा आतला हीटर लाल दिसतो म्हणून व्हॉल्व्ह शाबूत आहे, असे अनेकांना वाटते. पण चूल पेटलेली दिसली म्हणजे भाकरी भाजून झाली असे होत नाही. हीटर वर्षानुवर्षे तसाच उजळत राहतो आणि एमिशन, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडण्याची क्षमता, मात्र हळूहळू उतरत जाते. आवाज दबतो, मोठा केला की फाटतो, झांजेची किणकिण बोथट होते. हा उतार इतका संथ असतो की रोज ऐकणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही.

तरीही सगळ्यात आधी तपासायची ती वीज. संध्याकाळी बसलेला आवाज रात्री उशिरा आपोआप सुधारत असेल, तर व्हॉल्व्हला हात लावू नये. शेतीपंप सुरू असताना २३० व्होल्टचा दाब १९० वर आला, तर हीटरला ६.३ ऐवजी जेमतेम ५.२ व्होल्ट मिळतात. अशा वेळी नवाकोरा व्हॉल्व्हसुद्धा थकल्यासारखाच वाजेल. पंप बंद झाल्यावर दाब २६० वर गेला, तर तेच ७.१ होतात आणि कॅथोडचे आयुष्य झपाट्याने घटते. हीटरचा दाब ५.७ ते ६.९ व्होल्टच्या दरम्यान राहायला हवा. आपल्या भागात चांगला स्टॅबिलायझर हा व्हॉल्व्हच्या नव्या जोडीपेक्षा अधिक उपयोगाचा खर्च आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही खुणा डोळ्यांना दिसतात. काचेच्या माथ्यावरचा गेटरचा, म्हणजे आत उरलेला वायू शोषून घेणाऱ्या लेपाचा, चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह संपला आहे. काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळी झाक मात्र निरुपद्रवी असते. तिला घाबरून पुष्कळ चांगले व्हॉल्व्ह आजवर टाकून दिले गेले आहेत. प्लेट, म्हणजे कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन झेलणारा आतला धातूचा पत्रा, लाल होऊ लागली, तर संच त्याच क्षणी बंद करावा. सुरुवातीच्या टप्प्यातला ईसीसी ८३ हा लहान व्हॉल्व्ह पेन्सिलीने हलकेच टिचकावल्यावर कर्ण्यातून घंटेसारखा नाद आला, तर तो मायक्रोफोनिक झाला आहे, म्हणजे हादऱ्यांचाही आवाज करू लागला आहे. एरवी हा लहान व्हॉल्व्ह १०,००० तासांहून अधिक टिकू शकतो आणि उगाच बदलण्याचे कारण नसते.

खरा निवाडा मीटरवर होतो. कर्ण्यांना शक्ती पुरवणारे शेवटच्या टप्प्यातले दोन ईएल ८४ व्हॉल्व्ह मिळून १३० ओहमच्या एकाच कॅथोड रेझिस्टरवर चालत असतील आणि प्लेटला ३०० व्होल्ट मिळत असतील, तर त्या रेझिस्टरवर साधारण १० व्होल्ट दिसायला हवेत. वीज ठीक असूनही ते ७ वर आले असतील, तर जोडी थकली आहे. ते १३-१४ वर चढले असतील, तर संशय आधी कपलिंग कपॅसिटरवर, म्हणजे आधीच्या टप्प्याचा आवाज या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे पोहोचवणाऱ्या कपॅसिटरवर, घ्यावा. ग्रिडवर, म्हणजे व्हॉल्व्हमधला प्रवाह कमीजास्त करणाऱ्या जाळीवर, धन दाब आहे का ते पाहावे. असेल तर संच बंद करून तो व्हॉल्व्ह उपसावा आणि पुन्हा चालू करून मोजावे. दाब तसाच राहिला तर कपॅसिटर गळतो आहे. नाहीसा झाला तर दोष व्हॉल्व्हमध्येच आहे. गळका कपॅसिटर तसाच ठेवून नवी जोडी बसवली, तर तीही त्याच वाटेने जाते, आणि गिऱ्हाइकाची समजूत होते की हल्लीचे व्हॉल्व्हच कच्चे येतात.

ही मोजमापे माहीतगारानेच करावीत, कारण संच बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. ते रेझिस्टरमधून उतरवून, मीटरवर शून्य पाहिल्यावरच आत हात घालावा. पुशपुलमधला, म्हणजे जोडीने आळीपाळीने काम करणाऱ्या दोन व्हॉल्व्हपैकी, एक व्हॉल्व्ह गेला तरी जुळवलेली, म्हणजे सारखा प्रवाह घेणारी, जोडीच बसवावी, अर्ध्या तासाने रेझिस्टरवरचा दाब पुन्हा मोजावा, आणि तो आकडा तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवावा. पुढच्या वेळी आवाज दबला, तर पडताळून पाहायला आकडा हाताशी असेल.