आधी मीटर तपासा, मग पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

घरात मनीप्लांट, पीस लिली, फर्न लावणारे बरेच जण आता पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, मोजू लागले आहेत. पेनासारखा छोटा मीटर पाण्यात बुडवायचा, आकडा बघायचा आणि तो जास्त दिसला की लिंबू पिळायचं, नाहीतर ‘पीएच डाउन’चे, म्हणजे पीएच उतरवणाऱ्या आम्लाचे, थेंब टाकायचे. झाडाची खरी नासाडी पुष्कळदा इथूनच सुरू होते, कारण मुळात तो आकडाच चुकलेला असतो.

डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हे मोजमाप मांडलं. यात आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दसपट फरक. मीटर एक अंक जास्त दाखवत असेल आणि त्यावर विसंबून तुम्ही पाणी सहावर आणलंत, तर कुंडीत जातं ते पाचचं पाणी. ठरवलं होतं त्याच्या दसपट आम्ल. असं रोज होत राहिलं की मुळांची टोकं तपकिरी पडतात. आपण मात्र पानांकडे बघून खत वाढवत राहतो.

म्हणून शंका आली की पहिल्यांदा मीटर तपासा. बाजारात बफर पावडरचे, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण देणाऱ्या पावडरचे, पुडे मिळतात: ४.०१, ६.८६ आणि ९.१८. पुड्यावर लिहिलं असेल तेवढ्याच डिस्टिल्ड वॉटरमध्ये पावडर विरघळवा. आधी ६.८६च्या द्रावणात मीटर धरा, आकडा स्थिर होऊ द्या आणि तिथे कॅलिब्रेट करा, म्हणजे मीटरचा आकडा द्रावणाच्या आकड्याशी जुळवून घ्या. मग प्रोब, म्हणजे मीटरचं पाण्यात बुडणारं टोक, धुऊन, पुसून न काढता नुसता टिपून, ४.०१मध्ये. आपलं बोअरचं पाणी बहुधा सातच्या वर असतं, तेव्हा ९.१८मध्येही पाहून घ्या. एकदा वापरलेलं द्रावण पुन्हा बाटलीत ओतू नका. त्याने उरलेलंही बिघडतं. आणि मीटर ६.८६ला बरोबर पण ४.०१ला बराच चुकत असेल, धुऊन-भिजवूनही सुधारत नसेल, तर प्रोब संपला असं समजा.

प्रोब लवकर खराब होतो तो ठेवण्याच्या पद्धतीमुळे. टोकाशी जो काचेचा बल्ब असतो, तो कोरडा पडला की आकडा हळूहळू सरकत राहतो, एका जागी ठरतच नाही. स्वच्छ राहावा म्हणून काही जण तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवतात. ते तर अजिबात करू नका, त्याने आतले क्षार बाहेर झिरपतात. टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं स्टोरेज द्रावण घाला. ते नसेल तर तात्पुरतं ४.०१चं बफर चालतं. बल्बवर पांढरा थर दिसला तर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये धरा, धुवा, आणि पुन्हा कॅलिब्रेट करा.

आता पाण्याचं. बोअरच्या पाण्यात जमिनीखालचा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बादलीत काढल्यावर तो उडून जातो आणि पीएच चढतो. त्यामुळे सकाळी भरताना घेतलेला आकडा आणि दुपारचा आकडा जुळत नाही. इथे मीटरचा दोष नाही. पाणी काही तास उघडं ठेवून मगच मोजा, आणि दर वेळी तसंच मोजा. आरओच्या पाण्याचं नेमकं उलटं. त्यात क्षार इतके कमी असतात की आकडा भटकतो, शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते आम्लाकडे झुकतं. नुसत्या आरओच्या पाण्याचा पीएच सुधारत बसू नका. आधी त्यात खत विरघळवा, मग मोजा.

माझं स्पष्ट मत असं, की मातीच्या कुंडीतल्या झाडासाठी पीएचच्या आकड्याइतकीच पाण्यातल्या बायकार्बोनेटची, म्हणजे विरघळलेल्या अल्कधर्मी क्षाराची, चौकशी करायला हवी. माती हळूहळू अल्कधर्मी होते ती त्यामुळे. मग कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसू लागतं. लोह मातीत असतं, पण मुळांना मिळत नाही. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर कारण बहुधा वेगळं असतं. तिथे पीएच डाउनच्या बाटलीला हात लावू नका.

आणि चुकीच्या आकड्यामुळे एखाद्या कुंडीत आम्ल जास्त गेलंच असेल, तर कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी सावकाश ओतून खालून निथळू द्या. बशीत साचलेलं पाणी फेकून द्या. नवं पान येईपर्यंत खत देऊ नका. करपलेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, तेव्हा झाड सावरतंय की नाही ते नव्या पानावरूनच ठरवा.

नमस्कार.