सातबारा दुसऱ्याच्या नावावर
(वसंत व्याख्यानमालेत १८ मे २०२५ रोजी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘सोमालीलँड आणि राज्याची मान्यता’. एखाद्या देशाला मान्यता कायद्याने मिळते की इतरांच्या सोयीने, हा त्यातला खरा प्रश्न. त्यासाठी मी शेवटची वीस मिनिटं राखून ठेवणार आहे. तारीख मात्र मी संयोजकांकडून मुद्दाम मागून घेतली. १९९१ साली आजच्याच दिवशी बुरओ नावाच्या गावात वडीलधारे जमले आणि सोमालियापासून आपण वेगळे झालो, असं त्यांनी जाहीर केलं. आज हर्गेसात, म्हणजे त्यांच्या राजधानीत, रस्तोरस्ती हिरवा-पांढरा-लाल झेंडा लागलेला असेल. चौतीस वर्षं झाली. स्वतःचं चलन आहे, पासपोर्ट आहे, पोलीस आहेत, निवडणुका होतात. आणि मे २०२५ पर्यंत तरी संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्याने त्यांना देश म्हटलेलं नव्हतं.

हा नकाशा बघा. एडनच्या आखाताचा दक्षिण काठ, जिबूतीच्या पूर्वेला. हे बर्बेरा बंदर. आपल्याला परकं वाटतं, पण नाही हो! समोरचं एडन १८३९ पासून मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं. एडनच्या छावणीला मटण हवं, ते बर्बेराहून यायचं. त्यासाठीच १८८४ साली इंग्रज तिथे उतरले. १८९८ पर्यंत त्या मुलखाचा कारभार हिंदुस्थान सरकारच बघत होतं आणि तिथल्या बाजारात कित्येक वर्षं आपला रुपया चालत होता. बर्बेरात बकरी रुपयानेच विकली जात होती!

आता मी या विषयात कसा पडलो ते सांगतो. माझ्याकडे पुण्यात हर्गेसाचा एक मुलगा एम.कॉम.ला होता. रोज सकाळी भेटला की छातीवर हात ठेवून विचारायचा, ‘म नबद बा?’ म्हणजे ‘शांतता आहे ना?’ आपण ‘काय, कसं काय’ विचारतो, तसं ते विचारतात. त्याला खोली मिळायलाच दोन महिने लागले. हसताय तुम्ही, आणि इथल्या काही घरमालकांना का हसू आलं तेही मला दिसतंय. पण घरमालक पहिला प्रश्न विचारायचा ‘कुठला रे तू?’ आणि हा प्रामाणिकपणे सांगायचा, ‘सोमालीलँड.’ मग पुढचा अर्धा तास भूगोलाचा तास!

शेवटच्या वर्षी दाखल्यासाठी अर्ज भरायचा होता. ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यात त्याने सोमालीलँड लिहिलं. कार्यालयातल्या बाईंनी ते लाल शाईने खोडून वर ‘सोमालिया’ लिहिलं. त्याने नवा अर्ज मागून घेतला, पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा खोडलं गेलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, ‘हे यादीत नाही, तुझा पासपोर्टही सोमालियाचाच आहे.’ खरंच होतं. सोमालीलँडच्या पासपोर्टवर इथे येताच येत नाही, म्हणून या मुलांना दुसऱ्याचा पासपोर्ट काढावा लागतो. रांग वाढत होती. मला बोलावणं आलं. मी गेलो आणि म्हणालो, ‘लिहून टाक बाबा, काय फरक पडतो?’

हे वाक्य मी बोललो, आणि आजपर्यंत मला ते सलतंय. त्याने मुकाट्याने सोमालिया लिहिलं, सही केली. संध्याकाळी घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, ‘सर, फरक काय पडतो ते सांगतो.’

१९८८ सालचा मे महिना. सोमालियाचा हुकूमशहा सियाद बर्रे याची राजवट. तिच्याविरुद्ध उत्तरेतले, म्हणजे आजच्या सोमालीलँडमधले, लोक उठले होते. त्यांच्या सोमाली नॅशनल मूव्हमेंटने बुरओ आणि हर्गेसावर चढाई केली. सरकारने काय केलं? लढाऊ विमानं हर्गेसाच्याच विमानतळावरून उडवली आणि हर्गेसावरच बॉम्ब टाकले. उडायचं, शहरावर ओतायचं, परत तिथेच उतरायचं, पुन्हा भरायचं. आपल्याच सरकारची विमानं, आपलंच शहर. बहुतेक शहर जमीनदोस्त झालं. त्या वर्षांत त्या भागात पन्नास हजारांवर माणसं मारली गेली असे अंदाज आहेत. लाखो लोक चालत इथिओपियात गेले. हा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा. आई त्याला पाठीशी बांधून रात्री चालायची आणि दिवसा विमानांच्या भीतीने झुडपाखाली पडून राहायची. हार्तशेखच्या छावणीत तो चालायला शिकला. हर्गेसात आज भर चौकात चौथऱ्यावर एक पाडलेलं मिग विमान ठेवलंय, तेच त्यांचं स्मारक. तो मला म्हणाला, ‘ज्याने विमान पाठवलं, त्या देशाचं नाव मी आज माझ्या हाताने लिहिलं.’

यावर मला काही बोलता आलं नाही. मग मी वाचायला बसलो.

आणि जे सापडलं त्याने मी थक्क झालो. बर्रे गेल्यावर दक्षिणेत मोगादिशूची, म्हणजे सोमालियाच्या राजधानीची, काय दशा झाली ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलंय. उत्तरेतही १९९२ मध्ये बुरओत, बर्बेरात आपसात गोळीबार झाला. मग १९९३ च्या जानेवारीत बोरामा या गावी वेगवेगळ्या कुळांचे दीडशे वडीलधारे बसले. आपल्याकडे पारावर बसतात ना, तसे. किती दिवस? चार महिन्यांहून जास्त! खर्च बराचसा गावकऱ्यांनी आणि परदेशातल्या नातेवाइकांनी उचलला. बाहेरचा मध्यस्थ नाही. भांडून, रुसून, पुन्हा बसून त्यांनी शांततेचा करार केला, राज्याची घडी ठरवली आणि वडीलधाऱ्यांच्या सभेला, त्यांच्या भाषेत गुर्तीला, संसदेचं वरचं सभागृह केलं. राष्ट्राध्यक्ष निवडले मोहम्मद इब्राहिम इगाल. हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

पुढे २००३ ची निवडणूक. जवळपास पाच लाख मतं पडली आणि निकाल लागला ८० मतांनी! दाहिर रियाले जिंकले, अहमद सिलान्यो हरले. आपल्या गावात ग्रामपंचायत ८० मतांनी गेली तर काय होतं ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. तिथे घराघरांत बंदुका होत्या, ती काही फार जुनी गोष्ट नव्हती. लोक न्यायालयात गेले, निकाल कायम राहिला, सिलान्यो घरी बसले आणि २०१० साली मतांनीच निवडून आले. गेल्या नोव्हेंबरातही तेच: विद्यमान अध्यक्ष मूसे बिही हरले, इर्रो आले, सत्ता हातातून हातात गेली.

चिठ्ठी आली आहे. दहाच मिनिटं? बरं. मुद्द्यावर येतो आणि भरभर सांगतो.

सोमालीलँड नवी सीमा मागत नाही. २६ जून १९६० रोजी इंग्रजांनी त्याला स्वातंत्र्य दिलं आणि पाच दिवस तो रीतसर स्वतंत्र देश होता. तिथले लोक सांगतात, ३५ देशांनी तेव्हा मान्यता दिली. पंतप्रधान होते तेच इगाल. १ जुलैला त्यांनी हौसेने इटलीच्या ताब्यातून सुटलेल्या दक्षिणेशी एकत्र कुटुंब केलं. पण कागद बघा. उत्तरेच्या सभागृहाने एक विलीनीकरणाचा कायदा केला, दक्षिणेने दुसराच, आणि दोघांच्या सह्यांचा एक दस्त कधी झालाच नाही. १९६१ च्या जानेवारीत मागच्या तारखेपासून लागू असा नवा कायदा करून ठिगळ लावलं. त्याच वर्षीच्या सार्वमतात उत्तरेत मतदान अगदी कमी झालं, आणि झालेल्यातलं निम्म्याहून अधिक विरोधात गेलं. डिसेंबरात उत्तरेच्या तरुण अधिकाऱ्यांनी बंड केलं, तर ब्रिटिश न्यायाधीशाने त्यांना सोडून दिलं. कारण विलीनीकरणाचा धड कायदाच त्याला दिसेना. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर फेरफार कधी मंजूर झालाच नाही. जमीन हे कसतात, राखतात, सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

आफ्रिकी देशांनी १९६४ साली कैरोत ठरवलं की स्वातंत्र्यावेळच्या सीमा मोडायच्या नाहीत. सोमालीलँड तीच सीमा मागतोय! सेनेगल आणि गांबिया १९८२ मध्ये एकत्र आले, १९८९ मध्ये वेगळे झाले, कोणी अडवलं नाही. आफ्रिकी महासंघाचं पथक २००५ मध्ये जाऊन आलं आणि हे प्रकरण आफ्रिकेत एकमेव आहे, त्याकडे वेगळ्या नजरेने बघा असं लिहून आलं. त्यानंतर काय झालं? काहीही नाही. दारं उघडली तर आपल्या घरातलेही बाहेर पडतील, ही प्रत्येक राजधानीची धास्ती. आपल्याही.

दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मी उतरणार नाही. पूर्वेकडच्या सूल भागातल्या अनेकांना हे वेगळेपण नकोय. २०२३ मध्ये लास अनोदला लढाई झाली, शहरावर तोफा डागल्या गेल्या आणि सोमालीलँडच्या फौजेला माघार घ्यावी लागली. ज्यांनी हर्गेसा भोगलं त्यांनी हे करायला नको होतं. मी त्या मुलालाही तसं लिहिलं. आणि २०२१ च्या निवडणुकीत ८२ जागांवर एकही स्त्री निवडून आली नाही, हेही खरं.

तरीही माझं उत्तर असं आहे: कायद्याचं काम त्यांच्या बाजूने कधीच पूर्ण झालंय, अडलंय ते इतरांच्या सोयीवर. बांगलादेशाला आपण ६ डिसेंबर १९७१ ला मान्यता दिली, तेव्हा युद्धही संपलं नव्हतं. मनात असलं की उशीर लागत नाही. उद्या दिल्लीने मान्यता द्यावी असं मी म्हणत नाही. हर्गेसात एक संपर्क कार्यालय उघडावं आणि तिथल्या मुलांना त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टवर इथे शिकायला येऊ द्यावं, एवढं तर होईल?

सचिव उभे राहिलेत, थांबतो. त्या मुलाचा सकाळीच निरोप आलाय, फोटो आहे: मिगच्या चौथऱ्याखाली तो आणि त्याची आई. फोन आणि नकाशा इथे टेबलावर ठेवतो. ज्यांना बघायचंय त्यांनी पुढे या.