हॉटडॉग आणि हाड हाड

(दादरच्या एका ग्रंथालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. माइक शिट्टी मारतोय. थांबा, इतक्यात बंद करू नका, जरा ऐका. ही कुंई का होते? स्पीकरमधला आवाज परत माइकात शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. आजीच्या कानातलं मशीन वाजतं तेही यामुळेच. कानात बसवायचा साचा सैल झालेला असतो, फटीतून आवाज निसटतो आणि मशीनच्या माइकात घुसतो. घरचे म्हणतात, मशीन बिघडलं. मग ते जातं शोकेसच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या चष्म्यांच्या शेजारी. हजारो रुपयांची वस्तू, आणि दोष कसला तर साच्याचा. हं, आता करा माइक नीट.

आधी तुमची परीक्षा. पेन काढा, निमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहा. मी तोंडापुढे हा कागद धरून पाच शब्द म्हणते, एकेकदाच. कागद कशाला, तर तुम्ही ओठ वाचता म्हणून. सगळेच वाचतात, मास्कच्या दिवसांत ते कळलं सगळ्यांना. (पाच शब्द म्हटले.) झालं? शेजाऱ्याच्या कागदात डोकावायचं नाही. डोक्यावर पंखा आहे, बाहेर टिळक ब्रिजचे हॉर्न आहेत, चालू द्या, घरीसुद्धा कोणी तुमच्याशी शांततेत बोलत नाही. उत्तरं शेवटी. म्हणजे मधूनच कोणी उठून जाणार नाही.

तर विषय. पत्रिकेवर छापलंय, ‘ऑडिओलॉजिस्ट होताना: बारावी ते डॉक्टरेट’. ऑडिओलॉजिस्ट म्हणजे ऐकणं तपासणारा, कानाचं मशीन बसवून देणारा. मागच्या रांगेत तीन-चार मुलं आईवडिलांबरोबर आलेली दिसतायत, ती या मथळ्यामुळे. त्यांना सगळं सांगते. पण आत्ता साचा म्हणाले आणि माझं मन दुसरीकडे गेलं. आमच्या घरात साचा म्हणजे कानाचा नव्हे, मागाचा. वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. इथे गिरणगावातले कोणी असतील तर त्यांना सांगायला नको. एका छपराखाली शेकडो साचे, धोटा इकडून तिकडे आपटतोय, आणि माणूस आठ तास त्यात उभा. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास म्हणजे कानाला धोका असं आम्हाला शिकवतात. साचेखात्यात ८५ ही शांतता झाली असती. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, साचे बंद पडले, पण वडिलांचा आवाज काही खाली आला नाही. खोलीतल्या खोलीत ‘पाणी दे’ म्हणायचे ते तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचं. चाळीला वाटायचं, हा माणूस तापट आहे.

पुढे मी या शिक्षणाला लागले आणि दुसऱ्या वर्षी सरावासाठी वडिलांना बूथमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज न येणाऱ्या खोलीत, बसवलं. २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेक सूर ऐकवायचा, ऐकू आला की बोट वर करायचं. आमचा आलेख उलटा असतो, ऐकणं जितकं कमी तितकी रेघ खाली. वडिलांची रेघ बरी चालली होती, ४००० ला येऊन धाडकन खाली आणि ८००० ला परत थोडी वर. याला नॉच म्हणतात. मुंबईकरांना मी खड्डा म्हणून सांगते, लगेच समजतं. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा कॉक्लिआ असतो, त्यात साधारण पंधरा हजार केसपेशी. आवाजाच्या माऱ्याने त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. डोक्यावरचे केस निदान ट्रान्सप्लांट तरी करता येतात.

या खड्ड्याची गंमत अशी की त्यात स्वर पडत नाहीत, व्यंजनं पडतात. आ, ई, ओ हे खालच्या पट्टीतले, दणकट. स, फ, ख, थ ही हवेची, वरच्या पट्टीतली. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात ना, ‘ऐकू येतं गं, कळत नाही.’ ते बहाणा करत नसतात. वाक्य पोचलेलं असतं, त्यातली व्यंजनं वाटेत गळालेली असतात. आणि आपण काय करतो? ओरडतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, ‘स’ तिथेच राहतो, आणि वर भांडण होतं.

आता मी ज्यासाठी आले ती गोष्ट. मी इथून पदवी घेऊन अमेरिकेत एयूडी करायला गेले. ही तिकडची ऑडिओलॉजीतली डॉक्टरेट, पेशंट तपासणाऱ्यांची. चौथ्या वर्षी वर्ग संपतात, पूर्णवेळ क्लिनिकमध्ये बसायचं, डोक्यावर एक अनुभवी ऑडिओलॉजिस्ट, आमच्या मॅडम. एके दिवशी एक मराठी आजोबा आले, मुलाकडे सहा महिने राहायला आलेले. मुंबईचे, बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर. सुनेचं म्हणणं, यांना ऐकू येत नाही. आजोबांचं म्हणणं, ही पुटपुटते.

सुरांची चाचणी झाली. ५००, १००० आणि २००० हर्ट्झची सरासरी निघाली ३५ डेसिबल. म्हणजे थोडं कमी, फार नाही. मग शब्दांची चाचणी. दोन अक्षरी, म्हणजे उच्चारात दोन ठोके असलेले, शब्द हळू हळू कमी आवाजात ऐकवत जायचे, जिथे निम्मे शब्द बरोबर परत म्हणता येतात ती पातळी धरायची. ती सुरांच्या सरासरीशी जुळायला हवी, दहाएक डेसिबल इकडे तिकडे चालतात. या शब्दांना स्पाँडी म्हणतात. हा शब्द मुळात ग्रीक छंदातला, दोन्ही अक्षरांवर सारखं वजन. शाळेत तुम्ही लघु-गुरू मोजत गण पाडलेत, त्या हिशोबात हे गुरू-गुरू. वृत्तं पुढे आयुष्यात कुठे कामाला येतात असं विचारणाऱ्यांना सांगा, कानाच्या दवाखान्यात.

तिकडची यादी १९५२ ची, सेंट लुईसमधल्या बहिऱ्यांसाठीच्या संस्थेत तयार झालेली. छत्तीस शब्द. एअरप्लेन, बेसबॉल, काउबॉय, ड्रॉब्रिज, डकपाँड, इंकवेल. इंकवेल म्हणजे दौत हो! २००० सालानंतर अमेरिकेतली पोरंसुद्धा दौत ओळखत नव्हती. नियमाप्रमाणे मॅडमनी यादी आधी मोठ्याने वाचून दाखवली आणि विचारलं, हे शब्द माहीत आहेत ना? आजोबांनी मान डोलावली. आपली मान! परक्या बाईला ‘नाही’ म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून हलणारी मान. मॅडमनी तो होकार धरला.

सुरू झालं. ‘बर्थडे’, बरोबर. ‘स्कूलबॉय’, बरोबर. ‘माउसट्रॅप’, गप्प. ‘हॉटहाउस’ला ‘हाउस, हाउस’. आणि मग मॅडम म्हणाल्या, ‘हॉटडॉग.’ काचेपलीकडे आजोबा एकदम सावध झाले, खुर्चीखाली बघितलं आणि जोरात म्हणाले, ‘हाड! हाड!’

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणाले ते? मी म्हटलं, ते कुत्र्याला हाकलतायत. मॅडम म्हणाल्या, डॉग तर कळला म्हणायचा, अर्धा गुण देऊ या का?

(हशा)

हसा, पण कागदावर काय झालं ते ऐका. शब्दांची पातळी निघाली ५५. सूर म्हणतात ३५, शब्द म्हणतात ५५. वीस डेसिबलचा फरक. सूर आणि शब्द जुळले नाहीत की आम्हाला शिकवलेलं असतं, उत्तरांवर शंका घ्या. नुकसानभरपाईसाठी लोक बहिरेपणाचं सोंग घेतात, ते अशाच न जुळण्यात सापडतात, फक्त त्यांचा फरक बहुधा उलटा, शब्द चांगले आणि सूर वाईट. शब्दच मागे पडले तर मेंदूची गडबड बघा. मॅडमनी शेऱ्यात लिहिलं, ‘उत्तरं विश्वासार्ह नाहीत.’ तिकीट आणि सुटे पैसे यांत सबंध आयुष्य काढलेला माणूस, एका पैशाची चूक नाही, आणि त्याच्या नावापुढे हे!

मी म्हटलं, दहा मिनिटं द्या. माझ्याकडे यादी नव्हती. बूथबाहेर बसून पेपर नॅपकिनवर लिहून काढली. गाडी, चावी, खुर्ची, पाणी, काका, भाकर. आवाज मोजणाऱ्या मीटरची सुई एका ठिकाणी राहील असा आवाज सांभाळत म्हणत गेले. आजोबा खुर्चीला पाठ टेकून बसले होते ते सरळ झाले. गाडी, गाडी. चावी, चावी. पातळी निघाली ४०. मग न राहवून, त्याच हळू आवाजात, यादीबाहेरचं एक म्हटलं, ‘पुढे सरका.’ आजोबा म्हणाले, ‘पुढे जागा आहे, दारात गर्दी करू नका!’

मॅडम बाई मोठ्या मनाच्या. शेरा खोडला, शेजारी सही केली.

मराठीत अशा याद्या नाहीत असं नाही. विद्यार्थ्यांनी प्रबंधांसाठी केलेल्या आहेत. पण मराठी कोणती? मालवणी आजीला कोणते शब्द द्यायचे, वऱ्हाडी आजोबांना कोणते? आणि आपल्या भाषेच्या खोड्या बघा. ‘चार’ म्हणजे चारचा आकडा आणि ‘चारा’ म्हणजे गुरांचा, अक्षर तेच, उच्चार वेगळा. लिहून दाखवता येत नाही, कानालाच ओळखावं लागतं. क-ख, त-थ, प-फ या जोड्या तर आपल्याकडे पावलोपावली, आणि त्यातला फरक तेवढ्या हवेच्या झोताचा. वडील ‘खाडी’ला ‘काडी’ ऐकायचे. ठाण्याच्या काडीवर पूल बांधला कसा, असं एकदा खरंच विचारलं होतं त्यांनी.

चिठ्ठी आली. ‘१० मि. चहा थंड होतोय.’ बरं. मागची मुलं, लिहून घ्या, पटापट सांगते.

बारावी विज्ञान. मग बीएएसएलपी ही पदवी, चार वर्षं, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप. ऐकणं आणि बोलणं दोन्ही एकत्र शिकवतात. मुंबईत जुनी शाळा नायर रुग्णालयातली, १९६६ पासूनची. दुसरी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था, १९८३ ची. जंग हे आपल्या राज्याचे राज्यपाल होते, रस्त्याच्या पाटीवरही आहेत. पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करायची, त्याशिवाय प्रॅक्टिस नाही. पुढे एम.एस्सी. ऑडिओलॉजी, दोन वर्षं. त्यापुढे पीएच.डी.

इथे गोंधळ होतो. पीएच.डी. ही संशोधनाची. एखादा प्रश्न घेऊन वर्षानुवर्षं बसायची तयारी हवी. एयूडी ही दवाखान्याची. अमेरिकेत पहिली १९९४ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनला सुरू झाली, आज तिथे ऑडिओलॉजिस्ट व्हायचं तर डॉक्टरेट लागतेच. पदवीनंतर बहुतेक ठिकाणी चार वर्षं, मग परीक्षा, मग ज्या राज्यात काम करायचं तिथला परवाना. विषय: ध्वनीचं भौतिकशास्त्र, कानाची रचना, चक्कर आणि तोल, बेरा म्हणजे आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणं, कानातून उलट येणारा आवाज मोजणं. हो, कान आवाज काढतोसुद्धा, डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये ते दाखवलं. मशीन बसवणं, शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट, जुळवून देणं. मुलांनो, फिजिक्सला घाबरू नका. १९६१ चं वैद्यकाचं नोबेल कॉक्लिआ कसा हलतो हे शोधणाऱ्या बेकेशींना मिळालं, आणि ते मुळात टेलिफोन खात्यातले. दोन्हींपैकी कोणती डॉक्टरेट हे कर्ज काढायच्या आधी ठरवा, नंतर नव्हे. आणि नावापुढे डॉक्टर लागलं तरी शेजारी विचारणारच, ‘म्हणजे तुम्ही मशीन विकता?’ मला वीस वर्षं विचारतायत.

माझा मुद्दा, ज्याला मी अर्धा तास द्यायचं ठरवलं होतं, तो दोन वाक्यांत. डॉक्टरेटमध्ये कान मोजायला उत्तम शिकवतात, पण माणूस ऐकतो ते त्याच्या भाषेत, आणि ती यादी तुम्हाला कोणी बांधून देणार नाही. तेव्हा तुमच्यापैकी जो पीएच.डी.ला जाईल त्याने मालवणीची, वऱ्हाडीची, लोकलच्या गर्दीतल्या मराठीची यादी करावी, लहान मुलांची वेगळी करावी. बाळाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, उपचार सहाव्यापर्यंत असा जगभरचा दंडक आहे. त्या मुलांना तीन वर्षांनी तपासायला शब्द लागणारच आहेत, तेव्हा बेसबॉल म्हणणार आहात का?

उत्तरं. पहिला ‘खाडी’. काडी नाही. दुसरा ‘साठ’, आठ लिहिलं असेल तर सुनेला फोन करा. तिसरा ‘फळ’. चौथा ‘चारा’, तो बहुतेकांना आलाय. पाचवा ‘थाट’. ‘ताट’ किती जणांनी लिहिलं? हात वर करा. अहो, इतके? तो पंखा बंद करा कोणीतरी, मी पुन्हा म्हणते.