लेबलवरचं गाव आणि आतला माल

अन्न लेबलवर लिहिलेल्या ठिकाणचंच आहे का हे मी प्रयोगशाळेत तपासतो, आणि मला लोक नेहमी विचारतात की मशीनमध्ये मधाचा थेंब टाकला की स्क्रीनवर देशाचं नाव येतं का. तर नाही येत. मग येतं काय, आणि त्यावरून आपण छातीठोकपणे कुठवर बोलू शकतो, हेच मला आज सांगायचंय.

सुरुवात पाण्यापासून करू. पाण्यातले सगळे ऑक्सिजनचे अणू एका वजनाचे नसतात, बहुतेक 16 वजनाचे असतात आणि साधारण 500 मधला एखादा 18 वजनाचा, यांनाच आयसोटोप म्हणतात, आणि हे दोन्ही स्थिर असतात, किरणोत्सर्गाशी यांचा काही संबंध नाही. समुद्राच्या पाण्याची वाफ होते तेव्हा हलके रेणू जरा सहज उडतात, आणि पाऊस पडताना बरोबर उलटं होतं, जड रेणू आधी खाली येतात. म्हणजे ढग किनाऱ्यावरून आत सरकत, डोंगर चढत जातो तोवर त्यातलं जड पाणी बरंचसं वाटेतच सांडलेलं असतं, म्हणून आतल्या भागातला आणि उंचावरचा पाऊस हलका. तेच पाणी मुळं ओढतात, तेच फळाच्या रसात येतं, जनावर पितं तर दुधात उतरतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना मिळून 1961 पासून जगभरच्या पावसात हे मोजतायत, खरं तर पाण्याच्या अभ्यासासाठी, पण त्याचा उपयोग आज आम्हाला अन्न तपासायला होतो.

दुसरी खूण खडकाची, आणि ही मला सगळ्यात सुंदर वाटते. खडकात रुबिडियम नावाचं मूलद्रव्य असतं, त्यातलं 87 वजनाचं रुबिडियम अतिशय सावकाश स्ट्रॉन्शियम 87 मध्ये बदलतं, इतकं सावकाश की अर्धं बदलायला सुमारे 4,900 कोटी वर्षं लागतात. म्हणून जुन्या ग्रॅनाइटमध्ये स्ट्रॉन्शियम 87 चं 86 शी प्रमाण जास्त, तरुण बेसॉल्टमध्ये कमी, 0.704 च्या आसपास, आणि समुद्राच्या पाण्यात 0.709. फरक दिसायला तिसऱ्या दशांशात आहे पण मशीनला तो स्वच्छ दिसतो. झाडाला स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखंच वाटतं, ते मातीतून उचलतं आणि हे प्रमाण जवळजवळ जसंच्या तसं वर येतं. म्हणजे दाण्यात खडकाचं वय आलं म्हणा ना!

कार्बनचं थोडक्यात सांगतो. ऊस आणि मका यांचा कार्बन बाकीच्या बहुतेक पिकांपेक्षा जड असतो, त्यामुळे मधात उसाची साखर मिसळली तर पकडता येते. पण ही भेसळ झाली, ठिकाण नव्हे, आणि तांदळाचं सिरप घातलं तर कार्बन गप्प बसतो. या दोन गोष्टींची गल्लत फार होते म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता खरी अडचण. समजा आकडा आला, तो जुळवायचा कशाशी? एकाच प्रकारचा खडक दोन खंडांवर असू शकतो, सारखा पाऊस पडणारी ठिकाणंही खूप असतात, म्हणून आम्ही हायड्रोजन, ऑक्सिजन, कार्बन, नायट्रोजन, स्ट्रॉन्शियम आणि वर वीस-तीस मूलद्रव्यं एकत्र बघतो. शिवाय त्या ठिकाणचे खात्रीचे नमुने लागतात, कुणीतरी स्वतः शेतात जाऊन तोडून आणलेले, बाजारातून घेतलेले चालत नाहीत, कारण मग ज्या लेबलवर शंका आहे त्याच लेबलवर आपण विश्वास ठेवला असं होतं. आणि एकदा आणून भागत नाही, दुष्काळाच्या वर्षी पाण्याचे आकडे सरकतात, कालव्यातून लांबचं पाणी आलं तर बदलतात, खतानं नायट्रोजन बदलतो. युरोपियन युनियनमध्ये वाइनसाठी 1991 पासून दर हंगामात द्राक्षं गोळा करून, त्यांची वाइन बनवून हे आकडे नोंदवले जातात, दरवर्षी, न चुकता. मशीन विकत मिळतं हो, पण अशी साठवण विकत मिळत नाही, आणि माझ्या मते पैसा आधी तिथे जायला हवा.

नमुने पुरेसे नसताना निकाल देण्याची घाई मला सहन होत नाही कारण आपल्या रिपोर्टच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. ज्यानं प्रामाणिकपणे पिकवलंय त्याच्या नावावर दुसऱ्याचा माल खपतो हे वाईटच, पण अपुऱ्या नमुन्यांच्या जोरावर त्यालाच खोटं ठरवलं तर ते त्याहून वाईट. म्हणून आम्ही "हा माल अमुक देशाचा आहे" असं लिहित नाही, "सांगितलेल्या प्रदेशाच्या नमुन्यांशी जुळत नाही" एवढंच लिहितो. त्यानंतर खरेदीची बिलं, गोदामाच्या नोंदी, वाहतुकीचे कागद तपासायचे असतात, आणि ते काम प्रयोगशाळेबाहेरच होतं.