कण्याबाहेरून जाणारी वाट

पडद्यावर सरकणाऱ्या या रेघा म्हणजे जाग्या मेंदूची वीज. डोक्याला घट्ट बसलेली टोपी, तिच्यात इलेक्ट्रोड, केसांच्या मुळाशी थोडं जेल. कवटीबाहेर पोहोचणारी ही वीज इतकी क्षीण असते, की ती व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते. चालता न येणाऱ्या माणसाच्या मेंदूपर्यंत योग पोहोचतो का, हे बघायचं तर आधी या रेघा समजून घ्याव्या लागतात. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा असा आलेख (ईईजी) पहिल्यांदा घेतला. त्याच वर्षी लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम या योगसंस्थेची स्थापना केली. योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडतं, हे यंत्राने मोजून बघायचं, असा त्यांचा ध्यास होता. पुढे हे दोन प्रवाह एकत्र आले. १९६१ मध्ये आनंद, छिना आणि बलदेव सिंग या दिल्लीच्या संशोधकांनी ध्यानस्थ योग्यांचे मेंदूआलेख प्रसिद्ध केले. ध्यानात त्यांच्या मेंदूत अल्फा लहरी ठळक होत्या आणि बाहेरून डिवचलं तरी त्या मोडत नव्हत्या.

अल्फा म्हणजे सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनं. जागेपणी डोळे मिटून निवांत बसलं की त्या डोक्याच्या मागच्या बाजूला उमटतात. डोळे उघडले, मनात गणित मांडलं, की विरतात. त्याहून वेगवान, १३ ते ३० आवर्तनांच्या लहरी म्हणजे बीटा. सावध, गुंतलेल्या मेंदूत त्या जास्त दिसतात.

आता व्हीलचेअरवर, कुबड्यांवर किंवा कृत्रिम पायावर दिवस काढणाऱ्या माणसाचा विचार करा. दुखणं असतं, झोप मोडते. बाहेर पडायचं तर तिथे जिना आहे का, स्वच्छतागृहात खुर्ची वळेल का, कोण कसं बघेल, याचा हिशोब घर सोडण्याआधीच सुरू होतो. मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोक्याची चाहूल घेतो, त्याच्या इशाऱ्यावर शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक पाझरतं. संकट टळलं की ही यंत्रणा शांत व्हायला हवी. पण रोजचं जगणंच अडथळ्यांचं असेल, तर तिला उसंत मिळत नाही.

अशा माणसाला योग सुचवला की पहिला प्रश्न येतो : आसनं कशी जमणार? मला हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा वाटतो. मेंदूपर्यंत पोहोचायला पद्मासन लागत नाही.

मेंदूच्या तळातून व्हेगस नावाची नस निघते. ती मज्जारज्जूतून उतरत नाही. कवटीतून थेट बाहेर पडून मानेतून छातीत, पोटात जाते. म्हणून कण्याला जबर इजा झाली तरी ही वाट बहुधा शाबूत राहते. तिचे बहुतेक तंतू शरीराची खबर मेंदूकडे नेतात. श्वास सोडताना तिच्याच प्रभावाने हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो सहाच्या आसपास आणला आणि रेचक, म्हणजे श्वास सोडणं, लांबवला, की ठोक्यांची ही लय अधिक ठळक होते. मुख्य श्वासपटलाच्या नसा मानेतूनच निघतात. त्यामुळे इजा त्याखाली असेल, तर दीर्घ श्वसन खुर्चीत बसूनही करता येतं.

दुसरी गोष्ट मला याहूनही विलक्षण वाटते. योगनिद्रेत, म्हणजे स्वस्थ पडून एकेका अवयवाकडे लक्ष नेण्याच्या सरावात, शिक्षक सांगतात, उजव्या पायाच्या अंगठ्याकडे लक्ष न्या. तो पाय हलत नसेल तर? नसेना का. हालचालीची नुसती कल्पना केली तरी मेंदूच्या हालचाल-संवेदनेच्या भागावरची लय बदलते, आणि हा बदल मेंदूआलेखात टिपता येतो. अर्धांगवायू झालेल्या माणसांतही तो दिसतो. मनाने चालवायच्या यंत्रांचा पायाच हा आहे. पाय निकामी झाला म्हणून मेंदूतली त्याची जागा पुसली जात नाही.

मात्र इथे जपून बोलायला हवं. नुसते डोळे मिटले तरी अल्फा वाढते. जबडा आवळला तर स्नायूंची वीज आलेखात शिरते आणि बीटासारखी भासते. शरीरात ताठरपणा किंवा झटके असलेल्या माणसाच्या बाबतीत हा घोळ आणखी वाढतो. म्हणून ‘योगानंतर अल्फा वाढली’ एवढ्यावर मी भाळणार नाही. तितकाच वेळ डोळे मिटून स्वस्थ बसलेल्यांशी तुलना केली का, हे आधी विचारेन. बोस्टनमध्ये २०१० च्या एका अभ्यासात तुलना नीट केली होती. एका गटाने १२ आठवडे योग केला, दुसऱ्याने तितक्याच श्रमाचं चालणं. योगाच्या गटात मनःस्थिती अधिक सुधारली, चिंता अधिक घटली आणि या सुधारणेचा संबंध मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाशी आढळला. पण ती माणसं धडधाकट होती. चालू न शकणाऱ्यांसाठी तुलनेचा गट वेगळ्या रीतीने ठरवावा लागेल.

सराव सुरू करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जिथे संवेदना नाही, तिथे दाबाने जखम होते आणि कळतही नाही. म्हणून गादी, उशी लावा आणि बसण्याची स्थिती बदलत राहा. लुळ्या पायांची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, ती जोर लावून वाकवू नयेत. रक्तदाब जास्त असेल तर कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, टाळावा. आणि छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्यावर इजा असेल, तर भरलेलं मूत्राशय किंवा घट्ट पट्टाही रक्तदाब एकाएकी भडकवू शकतो. डोकं ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर सराव थांबवा, ताठ बसा, कपडे सैल करा, मूत्राशय तपासा. आराम पडला नाही तर लगेच डॉक्टर गाठा.

आणि ज्यांच्या हाती प्रयोगशाळा आहेत, योगवर्ग आहेत, त्यांना एक सांगणं. शांत झालेला मेंदूही जिना चढू शकत नाही. अभ्यास आखतानाच अपंग व्यक्तींना बरोबर घ्या. टोपी किती वेळ सोसेल, मधे विश्रांती कधी हवी, कुठल्या स्थितीत दुखत नाही, हे त्यांना विचारून ठरवा. आणि वर्ग तळमजल्यावर घ्या.